किलोमागं अर्धा इंच

रत्नप्रभा वेळापुरेचं पोट कापून लहान केलं त्याला बारा दिवस झाले आणि तिच्या घराची सगळी दारं तीन-तीन इंचांनी अरुंद झाली.

तिला ते आधी खांद्याला कळलं. पुण्याहून ऑपरेशन करून फलटणला घरी येऊन आठवडा झाला होता. हातात मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन ती स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत येत होती, तर उजवा खांदा चौकटीला घासला आणि वाटी हिंदकळली. चार चमचे पाणी सांडलं. त्या दिवसांत चार चमचे म्हणजे तिची सकाळची न्याहारी.

"अहो, हे दार बारीक झालंय," ती म्हणाली.

शरदराव पेपर वाचत होते. साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेला माणूस. उभ्या आयुष्यात त्यांचं वजन पंचावन्न किलोच्या वर गेलं नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलं. "थंडीचं लाकूड आखडतं."

"आखडलं तर जागा वाढेल ना?"

"मग फुगलं असेल," ते म्हणाले आणि पान उलटलं.

वेळापुऱ्यांचं बांगड्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. तीस वर्षं रत्नानं अर्ध्या गावाचे हात धरले होते. हात हातात घेतला की तिला माप कळायचं, सव्वादोन की अडीच, आणि अंगठा आत दुमडून ती अशी बांगडी चढवायची की बाईचं बोलणं मध्ये थांबायचं नाही. तिच्या स्वतःच्या मनगटाला मात्र दुकानातली एकही बांगडी होत नव्हती. ऑपरेशनच्या दिवशी तिचं वजन एकशे अठरा किलो होतं.

ऑपरेशन तिनं साखरेसाठी किंवा गुडघ्यांसाठी केलं असं शरदराव लोकांना सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी केतकीच्या, म्हणजे तिच्या एकुलत्या मुलीच्या लग्नात चुडा भरायची वेळ आली. कासाराची लेक, चुडा आईनंच भरायचा. पण रत्नाला खाली बसता येत नव्हतं, बसलं तर उठवायला दोघं लागत. खुर्चीवर बसून भरते म्हणाली, तर मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची चारी पाय फाकवून खाली गेली. सगळे धावले. कुणी हसलं नाही, हे तिला जास्त लागलं. चुडा शेवटी बारामतीच्या जावेनं भरला. त्या फोटोत रत्ना नाही.

म्हणून तिनं पोट कापून घेतलं होतं. आणि आता दार.

तिनं इस्माईल मिस्त्रींना बोलावलं. हे घर त्यांनीच बांधलेलं. त्यांनी खिशातून टेप काढला, चौकटीला लावला. "तीस इंच."

"बांधताना किती होतं?"

"तेहतीस. मीच बसवलं ना." त्यांनी टेप गुंडाळला. "ताई, तुमचं किती कमी झालं?"

"सहा किलो."

इस्माईल मिस्त्रींनी क्षणभर वर आढ्याकडे बघितलं. "किलोमागं अर्धा इंच," ते म्हणाले. भाव सांगावा तसं.

त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन गडी आणून पुढच्या दाराची भिंत दोन्ही बाजूंनी फोडली. चांगलं चार फुटांचं भगदाड केलं, कडा सारख्या केल्या, नवी चौकट उभी केली आणि चहा प्यायला ओट्यावर बसले. कप खाली ठेवेपर्यंत दार पुन्हा तीस इंचांवर आलं होतं. काढलेल्या विटा मात्र तशाच बाहेर रचलेल्या होत्या, एकही कमी नाही.

"भिंतीत काही दोष नाही," ते म्हणाले. "जागाच तेवढी आहे."

संक्रांतीपर्यंत रत्ना अठ्ठ्याण्णव किलोंवर आली आणि दार तेवीस इंचांवर. दर महिन्याला ती पुण्याला फोन करायची. डॉक्टर खूश होते. प्रथिनं घेता का, गोळ्या चुकत नाहीत ना, घास पंचवीस वेळा चावता ना, जेवताना पाणी पीत नाही ना, असं सगळं विचारून झालं की ते म्हणायचे, "आणखी काही त्रास?"

"घराचं दार अरुंद होतंय."

"होतं बऱ्याच जणांचं," डॉक्टर म्हणाले. "वर्षभरात स्थिरावतं. वजन मात्र वाढू देऊ नका."

घरात कुणाला नवल वाटत नव्हतं, हीच रत्नाची चीड होती. कपाट बाहेर काढावं लागलं, पलंग बाहेर काढावा लागला, खोल्या बोळांसारख्या झाल्या. शरदराव ओसरीवर झोपायला लागले आणि जेवणही ताट घेऊन ओसरीवरच करायला लागले. "तुला वास नको," म्हणायचे. चांगुलपणानंच म्हणायचे. रत्ना आत भिंतीला पाठ लावून वाटीभर वरण पाऊण तास खात बसायची. पंचवीस वेळा चावायला वरणात काही नसतं, तरी ती चावायची. बाहेरून भाकरी मोडल्याचा आवाज यायचा.

केस गळायला लागले. कंगव्यात रोज मूठभर. थंडी वाजायची, फेब्रुवारीच्या उन्हातही स्वेटर लागायचा. दंडाची कातडी ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. बांगड्या दाखवायला हात वर केला की गिऱ्हाईक बाई तिथंच बघायची.

"किती वाळलीस गं! शुगर झाली का?"

"ऑपरेशन केलं."

"अगंबाई. म्हणजे चालून-बिलून नाही का? आमची नणंद नुसती चालून झाली हो बारीक."

दुसरी म्हणायची, "चेहरा उतरला पण. आधीच बरी दिसायचीस." ही तीच बाई, जी तीस वर्षं म्हणत आली होती, रत्ना, थोडं तोंड आवर.

एकदा दुपारी दुकानात कुणी नसताना तिनं स्वतःच्या हाताचं माप घेतलं. अडीच. तिला खरं वाटेना, पुन्हा मोजलं. अडीचच. मग तिनं अडीचच्या खोक्यातली एक साधी हिरवी बांगडी घेतली, अंगठा दुमडला. बांगडी पेरांवर येऊन थांबली, आजवर थांबायची तिथंच. पावणेतीनची घेतली, ती पण तिथंच. साबण लावला, तेल लावलं. तेवढ्यात दूधवाल्याची बायको आली, तिचा हात पावणेतीनचा. रत्नानं तीच बांगडी तिच्या हातात सहज चढवली. ती गेल्यावर रत्नानं अडीचचं अख्खं खोकं उचललं आणि फरशीवर आपटलं. ओसरीवरून शरदराव म्हणाले, "मांजर आलं का?"

जानेवारीअखेर केतकीचा बार्शीहून फोन आला होता. दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात येईन, डोहाळजेवण आपल्या घरीच करू. "आणि आई, या वेळी हिरव्या बांगड्या तू भरायच्या हं. मी बाकी कुणाकडून भरून घेणार नाही."

"भरते," रत्ना म्हणाली आणि फोन ठेवून ती दाराकडे बघत बसली.

तिला हिशेब लगेच कळला. तिकडे पोट वाढणार होतं, इकडे दार आटणार होतं. ती रोज थोडी थोडी कमी होत होती आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. आत भूकच उरलेली नव्हती. पूर्वी लोक सांगायचे थांब आणि ती थांबू शकत नव्हती. आता तिला खायचं होतं आणि पोट म्हणत होतं, पुरे.

तरी तिनं प्रयत्न केला. मार्चमध्ये वजन तीन आठवडे हललं नाही, तेव्हा दारही हललं नाही. एकदा नेहमीपेक्षा वाटीभर जास्त खिचडी खाल्ली, पाव किलो वाढलं, आणि इस्माईल मिस्त्रींनी टेप लावून सांगितलं, "एक सूत आलं बघा." गवंड्याच्या मापात आठ सुतांचा एक इंच. मिस्त्रींनी मग युक्ती म्हणून तिला अर्धं पोतं सिमेंट उचलून उभं केलं. काही झालं नाही. "हातातलं चालत नाही," ते म्हणाले. "आत गेलेलंच लागतं."

मग तिनं पेढे आणवले. चार पेढे ती सटासट गिळून बसली, जुन्या सवयीनं. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, हातपाय गार पडले, आणि ती मोरीत जाऊन आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत. जे आत गेलं त्याच्या दुप्पट बाहेर गेलं. दार दोन सुतं आत आलं.

"तुला सांगितलंय ना गोड नको म्हणून," शरदराव ओसरीवरून म्हणाले.

"दार बघा ना हो तुम्ही! लेक यायचीय!"

"येईल की. मी नाही का जात-येत?"

आणि ते खरंच गेले. एक खांदा पुढं करून, श्वास न रोखता.

रत्ना स्वतः आधी जोर लावून जायची. चौकटीत अंग दाबून बसवायचं, श्वास सोडायचा आणि पलीकडे पडायचं. मांस दबतं. जूनमध्ये मांस संपत आलं आणि कमरेचं हाड चौकटीला लागलं. हाड दबत नाही. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही. गिऱ्हाइकं ओट्यावर उभी राहून फटीतून हात आत घालायची, ती आतून बांगड्या भरायची. त्यातही कुणाला अडचण वाटली नाही. उलट एक जण म्हणाली, "हे बरंय, उन्हाचं आत यायला नको."

आषाढात डोहाळजेवणाचा दिवस आला तेव्हा रत्ना अठ्ठ्याहत्तर किलोंची होती आणि दार तेरा इंचांचं.

कार्यक्रम गल्लीत मांडला होता. मंडप, खुर्च्या, पाच तऱ्हेचे भात, पुरणपोळ्या, अनारसे. सगळं शरदरावांच्या बहिणीनं, सिंधुवन्संनी सांभाळलं. वन्सं कामाच्या होत्या, पण तोंड चालूच. "आमच्या आईच्या वेळी पण हे दार असंच होतं," त्या सगळ्यांना सांगत होत्या. हे घर बांधलं तेव्हा त्यांची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

केतकी गाडीतून उतरली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि सात महिन्यांचं चांगलं मोठं पोट. ती सरळ दारापाशी आली. मायलेकी फटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेट.

"आई," केतकी म्हणाली आणि बघतच राहिली. "तू एवढीशी झालीस गं."

"हात दे," रत्ना म्हणाली. तिला रडायचं नव्हतं.

केतकीनं डावा हात आत घातला. रत्ना जमिनीवर बसली होती. मांडी घालून, कुणाचाही आधार न घेता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं लेकीचा हात हातात घेतला. सुजला होता, सव्वादोनचा अडीच झाला होता. अंगठा दुमडून तिनं एकेक बांगडी चढवली. एकही टिचली नाही. मग उजवा हात. दोन्ही हातांत मिळून एकवीस. बाहेर बायकांनी गाणं धरलं होतं. शेवटची बांगडी चढवून झाली तरी रत्नानं हात सोडला नाही, आणि केतकीनंही काढून घेतला नाही.

ओटी भरली, जेवणं उरकली, आणि केतकी म्हणाली, "माझी कंबर भरून आलीय. मला आत जाऊन आईजवळ पडायचंय."

"आत्याकडे जा," रत्ना आतून म्हणाली. "तिथं गादी घातलीय. केतू, ऐक माझं."

"मी आत्याकडे बाळंत होणार का? माझं घर आहे हे."

"दार तेरा इंच आहे गं!"

"पप्पा जातात ना? मग?" ती हट्टी होती, आईवर गेली होती. तिनं पदर खोचला, अंग तिरकं केलं, खांदा आत घातला, मग छाती. वन्सं मागून म्हणाल्या, "ये की, असंच होतं हे आधीपासून," आणि त्यांनी मदत म्हणून पाठीला हात लावला.

पोट चौकटीत बसलं.

पुढं जाईना आणि मागं येईना. केतकीनं दोन्ही हातांनी लाकूड धरलं. "आई, अडकले," ती हळूच म्हणाली.

गाणं थांबलं. इस्माईल मिस्त्री जेवत होते ते हात न धुताच आले, गुडघ्यांवर बसले, टेप लावला. "दोन सूत हवंय," ते म्हणाले. "दोन सूत आलं की सुटेल. ताई, अर्धा किलो."

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. गल्लीतल्या बायकांनी वाट्या भरल्या. केतकीच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात आत यायला लागले. दहीभात, साखरभात, पुरण. दूधवाल्याची बायको, जिची नणंद चालून बारीक झाली ती बाई, तोंड आवर म्हणणारी बाई, सगळ्या. "खा रत्ना. घे गं. एवढा एकच." शरदराव मागून उंच आवाजात म्हणाले, "सावकाश खा!" आणि मग, "लवकर!"

रत्नानं दहीभात घेतला. पंचवीस वेळा चावायला वेळ नव्हता. बारा वेळा, सहा वेळा. वाटी संपली. छातीच्या खाली आता हात ठेवला तर दगड लागत होता. तिनं त्यावर घोटभर पाणी ढोसलं, जे कधीच प्यायचं नसतं.

"एक सूत आलं," मिस्त्री म्हणाले. "लाकूड सरकतंय. थांबू नका."

"आई," केतकीचा आवाज बदलला होता. "बाळ दाबलं जातंय गं. लाथा मारतंय आतून."

रत्नाला चौकटीतलं लेकीचं पोट दिसत होतं, हिरव्या साडीखाली एका बाजूला टेंगूळ येत होतं आणि जात होतं. तिनं दुसरी वाटी तोंडाला लावली. साखरभात होता. तिनं बघितलंही नाही. चार घास. पाचवा घास घशाशी थांबला. कानांत धडधड सुरू झाली, कपाळावर घाम आला, आणि पोटातून सगळं एकदम वर यायला लागलं.

"ताई," इस्माईल मिस्त्री टेपवरची नजर न काढता म्हणाले, "आता बाहेर काही जाऊ देऊ नका. गेलं तर हे आत येईल."

रत्नानं दोन्ही तळवे एकावर एक ठेवून तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. केतकी तिच्याकडे बघत होती. आणि केतकीच्या डोक्यावरून सिंधुवन्संचा हात आत आला, बोटांत पुढचा घास धरलेला.